वजन पुढे येते तेव्हा

४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. तुझ्या आईची गाडी तुझ्या ऑफिसातील सहकाऱ्यास विकावी, ही तुझी सूचना मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात गैर काही नाही. गाडी ती चालवीत असे. मी शेजारी बसून रस्त्यावरील पाट्या मोठ्याने वाचीत असे. ती गेल्यापासून गाडी अंगणात आच्छादनाखाली उभी आहे आणि पाट्या वाचून दाखवाव्यात असे कोणी उरलेले नाही. तरीही महिनाअखेरीपर्यंत निर्णय तहकूब ठेवावा, ही विनंती. माझा परवाना शाबूत आहे. सराव मात्र लग्नाआधीचा आहे.

दरम्यान एक कुतूहलाची गोष्ट घडली. तुझ्या आज्ञेप्रमाणे तुझी खोली आवरताना कपाटात शर्यतीच्या गाड्यांचा तुझा जुना व्हिडिओ गेम सापडला. सोबत त्याचे स्टिअरिंग आणि पेडल. केबलवाल्याने ते सारे टीव्हीला जोडून दिले. शर्यत सुरू होताच मी आधी मागे पाहण्याचा आरसा शोधला, मग मागून येणाऱ्यांना पुढे जाऊ दिले. शेवटचा आलो. पुन्हा प्रयत्न करावयाचा आहे का, असे त्या यंत्राने इतक्या सौजन्याने विचारले की नाही म्हणवेना.

मला पडलेला प्रश्न असा: रस्ता तोच, वळण तेच, मग माझी लाल गाडी गवतात जाते आणि पुढची निळी जात नाही, ते का? माझी सारी हयात वजनमापे खात्यात गेली. कारण सापडल्याखेरीज मला चैन पडत नाही, हे तू जाणतेस.

प्रकृतीस जपावे. लोभ आहेच, गाडीच्या बाबतीत थोडी सबुरीही असू दे.

तुझा,
बाबा

१३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

शर्यतीत मागच्यांना ‘आधी आपण’ म्हणणारे तुम्ही जगातले पहिलेच! पत्र वाचून मी ऑफिसात एकटीच इतकी हसले, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, बरं आहे ना म्हणून.

लाल गाडी सोडा. नवशिक्यानं पहिल्याच दिवशी उधळ्या घोड्यावर बसावं, तसं आहे ते. आधी ती लहान गाडी घ्या, जिला पुढची चाकं ओढतात. मग मागच्या चाकांनी ढकलली जाणारी घ्या, आणि मग ती अवजड व्हॅन. रस्ता मात्र एकच ठेवा. प्रत्येक गाडी वेगळ्या चुकीसाठी कान पिळते.

पण बाबा, पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, आणि गेममध्ये तर पाणीच नाही. भिंतीवर आपटलात तरी गाडी अंग झटकून उभी राहते. आईच्या आजारापुढे माझं काही चाललं नाही. आता तुमच्या हातात किल्ली देऊन मी इथे फोनकडे बघत बसायचं, हे मला जमणार नाही. माझ्याकडे तुम्ही एकटेच उरलात.

तेव्हा माझी अट ऐका. महिनाअखेरीला मी येते. मला शेजारी बसवून पाण्याच्या टाकीपर्यंत न्या आणि परत आणा. मी घाबरून एकदा जरी दाराचं हँडल धरलं, तर गाडी विकायची. कबूल?

राग मानू नका. मानलात तर आल्यावर चहा करून तो काढीन.

तुमची,
ठकी

२२ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अट कबूल आहे.

तू सांगितलेल्या क्रमाने तिन्ही गाड्या त्याच रस्त्यावर चालवून पाहिल्या. लहान गाडी वेगात वळवली की ऐकत नाही. तुझ्या आत्याप्रमाणे हुं म्हणते आणि सरळच जाते. मागून ढकलली जाणारी गाडी वळणात पेडल दाबताच शेपूट पुढे आणते. व्हॅनला मात्र थांबावयाचे असल्यास फार आधी वर्दी द्यावी लागते.

यातून जे कळले त्याने मी चकित झालो. नोकरीभर मी असे धरून चाललो की वस्तूचे वजन जागच्या जागी असते. गाडीचे तसे नाही. ब्रेक लावला की ते पुढच्या चाकांवर येते. वेग वाढवला की मागे सरते. एकूण वजन तेवढेच, पण ते या क्षणी कोठे आहे यावर सारे अवलंबून. म्हणून वळणाच्या आधी ब्रेक लावावा, वजन पुढे येऊ द्यावे, चाकांनी रस्ता धरला की वळावे. लाल गाडीत मी हे सारे वळणाच्या मध्यावर करीत होतो.

काल केबलवाला आला असता त्याच्याशी बोलत खेळत होतो. वळण आले की माझे वाक्य तुटे आणि वळण सरले की पुढे सुरू होई. काका रागावलात की काय, असे त्याने विचारले. तेव्हा आठवले, तुझी आईही गाडी चालवताना अशीच मध्येच थांबे. मला वाटे, माझे बोलणे रटाळ झाले असावे. आता वाटते, ती वजन पुढे येण्याची वाट पाहत असावी. तुला तिचे ते थांबणे आठवते का?

गेममध्ये कुत्री, सायकली आणि शाळा सुटण्याची वेळ नसते. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना बोलावले. आईच्याच गाडीत शिकवा म्हटले. ब्रेक इतका वेळेवर लावायला कोठे शिकलात, असे त्यांनी विचारले. मी विषय बदलला. मग त्या म्हणाल्या की गुडघे पोटाशी घेऊन का बसता, सीट मागे का सारत नाही. सीट आईने ठेवली होती तेथेच आहे. मी सांगितले, सीट सरकवण्याचा दांडा अडकला आहे.

दांडा अडकलेला नाही.

येताना उबदार कपडे आणावेत. लोभ असो, आणि परीक्षकाने लोभापायी गुण वाढवू नयेत.

तुझा,
बाबा

८ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडी विकायची नाही, असं सहकाऱ्याला सांगून टाकलं. त्यानं तोंड एवढंसं केलं, करू दे.

तुमच्यासमोर कौतुक केलं नाही, म्हणून लिहिते. टाकीकडे जाताना मी मुद्दाम अखंड बडबडत होते, तुमचं लक्ष ढळतंय का बघायला. तुम्ही लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगत होतात. ‘मी भिजत ऑफिसला निघालो, तेव्हा तुझ्या आईनं...’ इथवर आलात आणि शाळेचं वळण आलं. तुम्ही गप्प. मीही गप्प. गाडी वळली, रस्ता सरळ झाला, आणि मग कळलं की आईनं छत्री दिली होती.

आठवतं, बाबा. लहानपणी मागच्या सीटवर बसून मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच अर्ध्या वाक्यावर थांबतात. हँडलकडे माझा हात एकदा गेला होता, पण तो वाटेत नाक खाजवून परत आला. तो हिशेबात धरायचा नाही.

निघायच्या दिवशी तुम्ही अंघोळीला गेलात, तेव्हा गाडी धुवायला बाहेर काढावी म्हणून आत बसले. सीट मागे सरकलेली होती; दांडा सुटला म्हणायचा! पुढे घ्यायला वाकले तर खालच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ दिसली. इतकी सरळ रेघ घरात दुसरं कोण मारणार? सीट त्या रेघेशी आणून थांबवली. माझे पाय पेडलला बरोबर पोचले. मी आईएवढी कधी झाले, कळलंच नाही.

पोचल्यावर फोन करायचा, टाकीपर्यंत गेलात तरी. एवढा लोभ तुम्हीही माझ्यावर करा.

तुमची,
ठकी

१६ मार्च

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

गाडी धुतल्यावर तू सीट मागे सारावयास विसरलीस. काल गाडीत बसलो तो गुडघे स्टिअरिंगला आपटले.  मग दांडा ओढला. या खेपेस सीट सहज मागे आली, कारण ती तू पुढे घेतलेली होती.

रेघ पुसणार नाही. तुला दर वेळी लागेल.

गेममध्ये आता ओल्या रस्त्याची शर्यत उघडली आहे. गाडी तीच, वेग तोच, ब्रेकही वेळेवर. तरी वळण हातात राहत नाही. कारण शोधतो आहे. मागून येणाऱ्यांना अजून पुढे जाऊ देतो, परंतु आता ते कसे वळतात हे पाहण्यासाठी. तुझे मत सविस्तर कळवावे.

लोभ जेथे ठेवला आहेस तेथेच असू दे. लागेल तेव्हा पुढेमागे करून घेऊ.

तुझा,
बाबा