पाणचिऱ्यांची साक्षीदार

प्रिय टिटवे,

आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. रक्तदाब जरा चढलाय, पण तो आजाराचा नसून स्वभावाचा आहे, असं डॉक्टर म्हणतात. भर दुपारी दाराला कडी घालून, वर खुर्ची टेकवून मी हे लिहिते आहे. हसू नकोस. जिन्यात पाऊल वाजलं की उठून खुर्ची पुन्हा चाचपते. काल शेजारीण शिडी मागायला आली, तर मी आतूनच विचारलं, कोण? कशाला? कुणी पाठवलं? बिचारी म्हणाली, "अहो, मी! शिडी हवीय, जबानी नाही." फोन वाजतो तेव्हा पलीकडे नुसता श्वास ऐकू येतो, म्हणून फोनवर भरवसा नाही. कारण शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं न वाचताच तडक निघशील, आणि मला नेमकं तेच नको आहे.

पुढच्या आठवड्यात वाळूवाल्यांविरुद्ध तुझी साक्ष. तुझा नावाडी आधी साक्षीला 'हो' म्हणाला होता, आता त्याला काहीच आठवत नाही, असं तू कळवलंस. मला नवल वाटलं नाही. कोर्टात लघुलेखिका म्हणून मी जन्म काढला, साक्षीदार कसा फिरतो ते माझ्या बोटांनी टिपलंय. मारहाणीनं क्वचित. बहुतेकदा कुणीतरी त्याच्या घरी जाऊन फार गोड बोलतं. मग तो पिंजऱ्यात उभा राहतो, पाणी मागतो आणि म्हणतो, नीट दिसलं नाही. मी तेही टिपायचे, स्वल्पविरामासकट. संताप टिपायची सोय लघुलिपीत नाही.

तुझ्या पाखरांचं मला कधी कौतुक नव्हतं, हे तुला ठाऊकच आहे. पाणचिरा चित्रात पाहिला होता. खालची चोच वरच्यापेक्षा लांब, घाईत कुणीतरी चुकीची जोडल्यासारखी. असले पक्षी संपत चाललेत म्हणे, तर संपोत, असं वाटायचं. मग तू मला नदीतल्या त्या वाळूच्या बेटावर नेलंस. होडीत माझी टकळी चालू होती, तर नावाडी म्हणाला, "आजी, तिथं गप्प बसावं लागतं हं. जमेल ना? नाहीतर इथूनच मागे फिरू." जमलं. शाळेत नन्सनी आम्हाला तासन्‌तास ताठ आणि मुक्यानं बसवलं होतं. त्या छळाचा उपयोग इतक्या वर्षांनी तुझ्या कापडी आडोशामागे झाला. वाळूवर हात ठेववेना इतकं ऊन, आणि त्या तापल्या तव्यावर उघडी अंडी, वाळूच्याच रंगाची. मादी उठली नि नदीकडे गेली. मला वाटलं, गेली बया पोरांना टाकून. तर ती पोट पाण्यात बुडवून परत आली आणि तशीच ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. पुन्हा गेली, पुन्हा भिजून आली. तुझ्या तापात मी ओली फडकी बदलायचे, अगदी तशी. बोलायची बंदी होती म्हणून बरं झालं, नाहीतर पाखरांना ठेवलेली नावं तिथल्या तिथे मागे घ्यावी लागली असती.

मग पलीकडे पंप सुरू झाला. वाळू ओढणारा तो जाडजूड पाइप घुसला, तशी बेटाची कड ढासळायला लागली. वाळू, घरटी, अंडी, सगळं एकदम पाण्यात. पाखरं वर घिरट्या घालत ओरडत राहिली. तू फोटो काढत होतीस. माझ्या तोंडून एक शिवी गेली, शाळेनं न शिकवलेली. नावाडी मान खाली घालून बसला होता.

आता कारण सांगते. परवा एक माणूस घरी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मधात बुडवलेला, वाक्यावाक्याला 'मावशी'. तुझी होडी कुठल्या धक्क्यावरून सुटते, तू एकटी कधी जातेस, सगळं त्याला पाठ. म्हणाला, "नदीत भोवरे फार, मावशी. ताईंना पोहता येतं ना?" मी म्हटलं, त्या पाखरांचं काय? "पाखरं काय, उडून दुसरीकडे जातील." म्हटलं, अंडी उडत नाहीत, बाबा. तो हसला. म्हणाला, "ताईंना एक पत्र लिहा, घरी ये म्हणावं. आईचा शब्द मुली मोडत नाहीत." आणि टिटवे, भल्याभल्या न्यायाधीशांना वाक्य दुरुस्त करायला लावणारी मी, मी मान डोलावली. कारण तुला पोहता येत नाही. तो गेल्यावर खरंच तसं पत्र लिहायला बसले. 'घरी ये' एवढं लिहूनही झालं. मग वाटलं, डोळ्यांदेखत घडलेलं 'दिसलं नाही' म्हण, असं मी पोटच्या पोरीला सांगू? फाडलं. आज सकाळी तुमच्या वकीलबाईंना गाठून सांगितलं, त्या दिवशी आडोशामागे दोघी होतो, माझंही नाव घाला. उद्या पोलिसांत त्या गोडबोल्याची तक्रार देते आणि परवाच्या पहिल्या बसनं तुझ्याकडे निघते. हे पत्र मात्र आजच्या बसच्या कंडक्टरबरोबर धाडते आहे. भीती खूप वाटते, बसमध्ये शेजारी कोण येऊन बसेल याचीसुद्धा. मी पोचेपर्यंत तू होडीत पाय ठेवायचा नाहीस. ही विनंती नाही.

तुझीच, जिचा शब्द तू आजवर कधी पाळला नाहीस ती,
आई