रोसेंदोसाठी नऊ संध्याकाळी

३ मार्च
आले बाई एकदाची अदहुन्तासला! डोंगर, गारवा, परसात केळी. घरमालकीण डोन्या मोदेस्ता (डोन्या म्हणजे इथलं ‘बाई’) दारातच म्हणाल्या, काय गं, वाळत घातलं होतं का तुला? लगेच तुरीचे दाणे घातलेला भात पुढ्यात. मी दोनदा वाढून घेतला.

मी कोण, ते त्यांना सांगायचं नाही, अशी सरकारी वकीलबाईंची ताकीद आहे. पुढच्या महिन्यात सान हुआनच्या फेडरल कोर्टात उभं राहून सांगायचं, रोसेंदोनं आम्हा मुलींना कसं विकलं ते. त्याची बहीण ओतिलिया अजून मोकळी आहे. माझ्या साक्षीनंतर तिलाही धरणार. तोवर तिला माझा पत्ता लागता कामा नये. कोपऱ्यावर पहाऱ्याला शिपाई आहे.

११ मार्च
रोसेंदो तुरुंगात मेला. मेलेल्यावर खटला चालत नाही, असं वकीलबाई फोनवर म्हणाल्या. मेला सुटला! मी चुलीपाशी बसून हमसून हमसून रडले. कोण गेलं गं, डोन्यांनी विचारलं. काय सांगणार? रोसेंदो म्हणून ओळखीचा होता, म्हटलं.

१२ मार्च
शिपाई गेला. खटलाच नाही तर पहारा कसला! ओतिलिया मात्र मोकळीच.

डोन्यांनी बैठकीत मेणबत्ती लावून पेपरातला त्याचा फोटो ठेवलाय. मेलेल्यासाठी नऊ संध्याकाळी जपमाळ म्हणायची, अशी इथली रीत. फार वाईट माणूस होता, मी म्हटलं. अगं, पाप्यालाच जास्त गरज, म्हणाल्या. शेजारणी जमल्या, कॉफी झाली. त्याच्या आत्म्याला शांती मिळो, हे माझ्या तोंडून!

१५ मार्च
फोटोकडे पाठ करून बसते. तरी भीती जात नाही —

१७ मार्च, रविवार
डोन्या खुशीत. चर्चमधून नंबर काढून त्याच्या बहिणीला फोन केला म्हणे. बाई, तुझ्या भावासाठी इथे एक पोर ढसाढसा रडतेय. तिनं गोड बोलून पत्ता विचारला — यांनी दिला. अगदी वळणासकट —

वकीलबाई फोन उचलत नाहीत. बस उद्या.

संध्याकाळ
गाडी थांबली. हात जोडून म्हटलं, दार उघडू नका. वेडी का काय तू, जपमाळेला आलेल्याला कुणी दारातून परत पाठवतं?

ओतिलिया. बरोबर दोन पुरुष — मागच्या दारीही एक —

ओरडून सगळं सांगितलं. कोर्टात सांगणार होते ते सगळं. ओतिलियानं शांतपणे विचारलं, असं कुठल्या कोर्टानं म्हटलंय? शेजारणी हळहळल्या, दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं.

न्हाणीघरात आहे. कडी लावलीय. बाहेर डोन्या माझे कपडे पिशवीत भरतायत. म्हणतायत, ये गं बाहेर, पोरी, नशीबवान आहेस, इतकी मायेची माणसं न्यायला आ—