अळीच्या मातीची हकीकत

सिंदी मेघे, गुरुवार
(तारीख सुनेले, हर्षाले, विचारली तर ती विचारन, कायले पाह्यजे. म्हणून लिहिली नाई.)

सौ. विमलास तुह्या थोरल्या बहिणीचा, यशोदेचा, पोटभर आशीर्वाद. तुही कंबर कशी आहे? वासुदेवरावांले नमस्कार सांगजो आणि खोकला अंगावर काढू नका म्हणा. ऐकणार नाईत, पण सांगणं आपलं काम. इकडं सारे बरे आहेत. माहे गुडघे बरे नाईत, पण ते कधी होते?

फोन काऊन केला नाई म्हणशील. तर तू फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापते, वडनेरच्या अर्ध्या गावाले ऐकू जाते. आणि आमच्या भिंतीले कान नसले तरी हर्षाले आहेत. तुहा प्रफुल कामानं वर्ध्याले आला आहे, त्याच्या हाती चिठ्ठी देते, म्हणून माही चौथीपर्यंतची शाळा कामाले लावली. अक्षराले हसू नको.

तर आपल्या धीरजची पोट्टी, अपेक्षा, पाच वर्षांची झाली. तिले हर्षानं यंदा एका बालवाडीत टाकलं. म्हणे तिथं लेकरं प्रश्न विचारून शिकतात. मी म्हटलं, प्रश्न तर लेकरं घरीही विचारतात, शिकवायचंच असन तर गप्प बसणं शिकवा. पण सुनेपुढं कोणाचं चाललं? तिथं अ-आ नाई, पाढे नाई. पौर्णिमाताई म्हणून एक बाई आहे, ती साऱ्या पोट्ट्यांले घेऊन अंगणात उकिडवी बसते आणि मुंग्या पाहते. लेकरानं विचारलं, मुंगी कुठं चालली, तर बाई सांगत नाई. उलट त्यालेच विचारते, तुला काय वाटतं? आता मास्तराले येत नाई म्हणून तो लेकराले विचारते, हे आपल्याही वेळी होतं (चौथीचा मास्तर आठव), पण तो निदान छडी तरी मारे.

हेच खूळ घरी आलं. वरणात तूप वर काऊन राह्यते, आजी तुले काय वाटते? मले वाटते जेव चुपचाप. शेजारी सत्यनारायण होता, तर ही प्रसाद सोडून केळीच्या खांबावरच्या गोगलगायीपाशी बसली. आरती झाली तरी गोगलगाय अर्ध्यावरच, आणि ही उठेना. शेवटी भटजीही येऊन पाहत बसले. धीरजचं डोकं फिरलं. म्हणे जूनपासून कॉन्व्हेंटात टाकतो, तिथं दप्तर असते, टाय असते. मी म्हटलं, टाक! वर्षभर त्याच्या कानाशी मीच तर लागली होती.

मंग ते अळीचं प्रकरण आलं. बालवाडीतल्या कढीपत्त्यावर पोट्ट्यांले एक अळी सापडली. हिरवी, करंगळीएवढी, बोट लावलं की डोक्यातून लाल शिंगं काढे आणि असा वास सोडे की विचारू नको. ती बरणीत ठेवली, तोंडाले फडकं बांधलं, आणि शनिवार-रविवारच्या सुटीत पाळीपाळीनं एकेकाच्या घरी. आमची पाळी आली तशी अपेक्षा ती बरणी अस्थिकलशावानी धरून घरात शिरली आणि पहिलं वाक्य काय, तर "आजी, इले चिरडायची नाई." माहा स्वभाव तिले माहीत आहे. आपण दोघी कपाशीत वाढलो, विमल, अळीले पाहुणचार आपल्याले कुठून ठाऊक? पण नातीचा शब्द. अंगणातल्या कढीपत्त्याच्या कवळ्या डहाळ्या मीच तोडून देल्या. नव्या जावयासारखी खाय, मान वर न करता.

रविवारी सकाळी पाहते तर खाणं बंद. डहाळीले चिकटलेली, आकसलेली, कंबरेले एक बारीक धागा, बाकी वाळल्या पानासारखी. जन्मात एवढ्या अळ्या मारल्या, मेलेली अळी मले ओळखू येणार नाई का? सांगून टाकलं, मेली. पोट्टीनं भोकाड पसरलं. मंग तिच्या समाधानासाठी रीतसर माती देली. तुळशीपाशी खड्डा केला, डहाळीसकट ठेवली, हळदकुंकू वाह्यलं (सवाष्ण होती का, हे विचारू नको) आणि आजी-नातीनं डोक्यावरून आंघोळी केल्या.

मी केस पुसून बाहेर येते तर ही माती उकरून बसलेली! "अवो बाई, माती देल्यावर उकरत नसतात!"

"मेल्यावर काय होते ते पाहून राह्यली, आजी. ती हलली."

"मेलेलं हलत नाई."

"मंग तू हात लावून पाह्य."

लावला. हलली, विमल. चांगला शेपटाकडून झटका देला. जित्या जिवाले माती देली होती मी, वरून कुंकू लावून.

सोमवारी बरणी परत द्यायले मीच गेली. पोट्टीनं रस्ताभर माहं बोट सोडलं नाई. "आजी, आता ती वाचन का?" साऱ्या वर्गाचा जीव त्या बरणीत आणि तो माह्या हातून जाते की काय, एवढंच डोक्यात. पौर्णिमाताईनं पिसानं माती झाडली. रागावली नाई. (रागावली असती तर मले उत्तर देता आलं असतं.) लेकरांले विचारलं, आता काय होईल? एक म्हणे झोपली. एक म्हणे आजीले घाबरली. मले हेच बरोबर वाटलं. मंग ती बाई माह्याकडं वळली आणि म्हणते कशी, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

विमल, एवढं वय झालं, मले हे कोणी विचारलं नव्हतं. लग्न ठरवताना नाई, वावर विकताना नाई. मी पाणी मागितलं.

त्याले दहा दिवस झाले, तेव्हापासून पोट्टीले सोडायले मीच जाते आणि गुडघ्यासाठी घडीभर टेकते. (बरणी असते तिथंच सावली असते, त्याले मी काय करू?) परवा तो अळीचा कोश काळा पडला. मनात म्हटलं, गेली. ह्या वेळी तोंडानं म्हटलं नाई. काल सकाळी तो उकलला आणि आतून एक ओला, चोळामोळा जीव निघाला. पंख माह्या हाताच्या कातडीसारखे. मी सरळ करून द्यायले बोट पुढं केलं तर सारे पोट्टे ओरडले, "आजी, हात लावू नको!" बसली गप्प. पाहता पाहता पंख भरले, काळे-पिवळे, लुगड्याच्या काठासारखे. फुलपाखरू अपेक्षाच्या मनगटावर थोडं थांबलं आणि कंपाउंडावरून उडून गेलं. पोट्टे नाचले. मी उठली, घरी आली, वरणाले फोडणी देली. एवढंच.

आपण जन्मभर अळ्या मारल्या, पण एकीचंही पुढं काय होते ते थांबून पाह्यलं नाई. कपाशीवरच्या मारायच्याच, त्यात बदल नाई. मी काही बयाड, खुळी झाली नाई.

बाकी सारं ठीक. कंबरेले शेक देत जा.

तुही बहीण,
यशोदा

ता. क. धीरज सोमवारी कॉन्व्हेंटात पोट्टीचं नाव टाकायले जाणार आहे. तो मावशीचा शब्द खाली पडू देत नाई. त्याच्या आधी फोन करून सांग, लेकरू आहे तिथंच राहू दे. तुह्या मनचं म्हणून सांग. माहं नाव निघालं तर पाह्य! वर्षभर त्या बालवाडीच्या नावानं मीच बोटं मोडली, आता कोणत्या तोंडानं बोलू? त्यानं विचारलं की आई काय म्हणन, तर म्हण, तिले मी समजावते. मी दोन दिवस रुसून दाखवीन.

आणखी एक. प्रफुल पुन्हा येईन तेव्हा तुह्या वाडीतला कढीपत्ता पाठवजो, बराच. आमच्या झाडाचं पान तोडायची मी घरात साऱ्यांले मनाई केली. हर्षाले सांगितलं, झाडाले कीड लागली. ते खोटं नाई. आत्ताच पाहून आली, जेवून राह्यल्या.