शालूच्या पिक्चरला नाना जाऊन आले

इंदूर, मध्यभारत
माघ वद्य पंचमी

चि. शालू हिला चिंतामणमामाचे पोटभर आशीर्वाद. (मुंबईचे लोक तुला मंजिरीदेवी म्हणतात हे ठाऊक आहे, पण जिचं नाक मी पुसलं आहे तिला देवी म्हणायला माझी जीभ वळत नाही.) इकडे सगळी मंडळी ठणठणीत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण ते गप्प बसले तरच आम्हाला काळजी वाटेल. नानांची तब्येत तर उत्तमच आहे. तुझं खाणंपिणं वेळेवर होतं ना? पडद्यावर तू वाळलेली दिसतेस. अर्थात तुला कामंच अशी देतात की धडधाकट बाईचा तिथे काही उपयोग नाही.

पत्र लिहायचं कारण असं की गेल्या आठवड्यात तुझे वडील तुझं पिक्चर पाहून आले. हे वाक्य पुन्हा वाच. मीही लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं.

तू सिनेमात काम करायला निघून गेलीस तेव्हा नानांनी तुझ्या नावानं आंघोळ केली, हे तुला कुणीतरी कळवलंच असेल. एवढंच कळवलं नसेल की ती त्यांनी ऐन पौषात, बंब न पेटवता, विहिरीच्या पाण्यानं केली, आणि तेव्हा जडलेली सर्दी होळकर सरकार जाऊन मध्यभारत आला तरी हटलेली नाही. (जन्मभर दरबारात कारकुनी केलेला माणूस, दुःखसुद्धा कायद्यानं करणार.) त्या दिवसापासून घरात तुझं नाव बंद. शिवाय नियम असा की थेटरात जाऊन येणाऱ्यानं आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. तुझं प्रत्येक पिक्चर पाहणारा घरात मी एकटा, त्यामुळे अख्ख्या इंदुरात माझ्याइतका स्वच्छ माणूस सापडायचा नाही.

आंघोळ झाली की चुलीपुढे पाट टाकून मी तुझ्या आईला गोष्ट सांगायची, असा आमचा रिवाज पडला. सुरुवातीला हे काम सोपं होतं. तू नायिकेची मैत्रीण होतीस, मग स्वतः नायिका झालीस, झोपाळ्यावर बसून गाणी म्हटलीस. ती मी तुझ्या आईला म्हणूनही दाखवली (तिला ती आवडली नाहीत, पण तो दोष माझ्या गळ्याचा). पुढे काय बिनसलं देव जाणे, तुला त्यांनी बहीण केली, मग वहिनी, आणि तिशी उलटते न उलटते तोच तुझ्याहून थोराड नटांची आई. आणि शालू, तू प्रत्येक पिक्चरमध्ये मरायला लागलीस. क्षयानं, पुरात, बाळंतपणात, एकदा तर नुसती बातमी ऐकून. जिची मुलगी डोळ्यांसमोर नाही अशा बाईला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून मी सांगत गेलो की शेवटी शालू काशीला निघून गेली.

शेजारच्या खोलीत नाना मोठ्यानं पोथी वाचत असायचे. तुझी गोष्ट सुरू झाली की त्यांचा आवाज हळूहळू खाली यायचा. मला वाटायचं, वय झालं, दमतात. गेल्या आठवड्यात मी तुझ्या नव्या पिक्चरची गोष्ट अशीच काशीपर्यंत आणून पोचवली, आणि खोलीतून प्रश्न आला, "चिंतामणराव, ही पोर दर वेळी काशीलाच का जाते? आणि परत कधी येते?" तुझ्या आईच्या हातातली पळी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर नाना म्हणाले, सराफ्यात जाऊन अंगठी दाखवून आणू, चला. अंगठी घरीच राहिली आणि राजवाड्यापासून सराफ्याकडे वळायच्या ऐवजी ते सरळ चालू लागले. गळपट्टा नाकापर्यंत, टोपी भुवयांपर्यंत. तुझ्या आईनंसुद्धा ओळखलं नसतं. थेटरच्या दारावरच्या माणसानं मात्र लांबूनच हात जोडले. "आओ नानाजी. बिटिया का फिलम है, हम तो कब से रास्ता देख रहे." सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नसल्यासारखे वागणारे फक्त नाना होते, आणि त्यांच्यासाठी बाकीचे.

तू पडद्यावर आलीस तेव्हा चूल फुंकत होतीस. नानांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. "पदर अजून डाव्या हातानंच सावरते," एवढंच म्हणाले. मला मात्र घाम फुटला होता, कारण शेवटी काय होतं ते मला ठाऊक. मध्यंतरात दिवे लागले तसा मी उठलो आणि म्हटलं, संपलं, निघू या. मग हे लोक का बसलेत, असं त्यांनी विचारलं. रिकामटेकडे आहेत, मी म्हटलं. ते हलेनात. मग मी पोटात कळ आल्याचं सोंग केलं, तर त्यांनी खिशातून ओव्याची पुरचुंडी काढून दिली. पुढचं पिक्चर मी ओवा चावत पाहिलं.

मग तुला खाटेवर निजवलं. मुलगा उशाशी रडायला लागला, सारंगी सुरू झाली, तुझी मान कलली. नाना उभे राहिले. मागून आरडाओरडा झाला, "ओ काका, बैठो ना, दिखता नहीं." नाना बसेनात. भरल्या थेटरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "शालू, ऊठ. पुरे झालं आता. घरी चल."

इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं आणि मला रडू आलं. लपवण्यात काय अर्थ आहे. दारावरच्या माणसानं आम्हा दोघांनाही धरून बाहेर आणलं.

घरी तुझ्या आईनं न्हाणीघरात पाणी काढून ठेवलं होतं, आणि आज बादल्या दोन होत्या. (म्हणजे सराफ्याची थाप तिच्याही गळी उतरली नव्हती.) नाना उंबऱ्यावरच म्हणाले, "मी आंघोळ करणार नाही. माझी पोर जिवंत आहे." आणि थेटरच्याच कपड्यांनी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. मी आपली आंघोळ केली, सवय वाईट. बाहेर येऊन बघतो तर नाना तुझ्या आईला गोष्ट सांगत होते. बराच वेळ सांगत होते, पण त्यांच्या गोष्टीत तू चूल फुंकण्याच्या पुढे गेलीच नाहीस.

असो. तू कामात असशील, तेव्हा मुद्दाम इकडे येण्याची तसदी घेऊ नयेस. प्रकृतीला जप.

तुझा मामा,
चिंतामण

ता. क. वरचा मजकूर नानांना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, गळपट्टा नाकापर्यंत नव्हता आणि ते ओरडले नाहीत, हळूच बोलले. तसदीचं वाक्य त्यांनीच घालायला लावलं.

दुसरा ता. क. हे पोस्टाच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. नानांची तब्येत उत्तम आहे हे खोटं. त्या दिवसापासून ते अंथरुणावर आहेत. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं आहे, कुणाला बोलवायचं असेल तर उशीर करू नका. मुंबईहून निघून खंडव्याला बदललेली गाडी इथे किती वाजता लागते, हे ते मला रोज विचारतात, आणि सांगितलं की म्हणतात, मला काय करायचंय. शूटिंग असेल तिथे टाक आणि नीघ.

तिसरा ता. क. त्या पिक्चरमध्ये तुझे केस पांढरे दाखवले आहेत. नाना सारखे विचारतात, पोरीचे केस खरंच पिकले का? मी म्हटलं, ती पावडर असते. पण माझ्या सांगण्यावर त्यांचा आता विश्वास नाही. तू ये आणि त्यांना हात लावून पाहू दे. आणि खरंच पिकले असले, तर तशीच ये.