मारबतीले देलेली साडी

माय, माह्या लिवण्यात लय चुका हाय, वाईट नको मानू. आठवीतून शाळा सोडली न मंग अक्षरं हातात बसलेच नाही. फोनवर एकेक अक्षर हुडकून टाइप करून राहिली, म्हणून टाइम लागते.

आज पोळा झाला. उद्या सकाळी मारबतीचा पुतळा निघीन, गावभर फिरवून जाळतीन. मी दुसरीत होती तवाची तुही मारबत मले अजून दिसते. तू सरपंच होती, घरोघरी नळ लागले होते, पण पाणी नव्हतं. स्कीम वरून आली, ठेकेदार पयाला, न लोकं भांडाले येत आपल्या दारात. पोळ्याच्या दिवशी गल्लीतले पोट्टे आले. "काकू, जुनी साडी द्या ना, मारबतीले." तू पुसलं, "यंदा कोणाची काढता रे?" ते एकामेकाकडे पायत होते. एक म्हणे, "महागाईची." तू अंदर गेली न पंधरा ऑगस्टले झेंड्यापाशी नेसत होती, ते साकोलीची हिरवी साडी घेऊन आली. आजी चिडली, "चांगली साडी कायले देतं वो?" तू म्हणे, "सरपंचीणच काढून राहिले, मंग नीट तरी दिसू दे."

सकाळी बांबूची न कागदाची तू रस्त्यानं येते, घराएवढी उंच. गळ्यात सुका नळ. "रोगराई घेऊन जाय वो मारबत, सुके नळ घेऊन जाय वो मारबत." मी तुह्या पाठीमागं लपून. तू दारातून म्हणते, "पदर उलटा लावला रे पोट्टेहो, मी अशी नेसते का?" सारे हासले, तू पण. मंग अंदर येऊन तांदूळ धुवाले बसली, न धूतच राहिली, पितळी गुंडातलं पाणी सरलं तरी. मी म्हटलं, "ठेकेदाराची काहून नाही काढत?" तू म्हणे, "तो कोणाले दिसते? जो दिसते त्यालेच लोकं मारते."

त्याच हिवाळ्यात तू काविळीनं गेली. आजी अजून म्हणते, जित्या बाईची मारबत जाळली म्हणून. शाळेत मले नावच पडलं, मारबतीची पोट्टी. मंग वर्गात माहा आवाजच निघे ना. आठवीपर्यंत कसंबसं ढकललं, मंग सोडली शाळा.

"महागाईची" म्हणणारा आता सरपंच हाय. नळ आताही सुकेच. मी शिलाई करते, म्हणून परवा नवे पोट्टे आले. "ताई, बडग्याले कुरता शिवून दे ना. यंदा बाईची मारबत नाही, माणसाचा पुतळा, सरपंचाचा बडग्या काढतो." सरपंचाची लहान पोट्टी माह्याकडे फ्राकाचे बटन लावाले येते, मशीनपाशी बसून गोष्टी सांगते. उद्या ते दारात उभी राहीन. नाही म्हणाचं होतं मले. शब्द तोंडात आला बी. पण मी कपडा घेतला.

कुरता झाला. कॉलर, खिसा, सारं नीट. तुह्यासारखं, तो नीट दिसो म्हणून शिवला, असं सांगाले पायजे होतं. पण तसं नाही, माय. शिवतानी मले बरं वाटलं. त्या पोट्टीचं तोंड डोळ्यापुढं होतं, तरी बरं वाटलं.

हे पाठवाचं तरी कुठं, फोनातच राहू देते. बाजूची काकू आवाज देऊन राहिली, त्यायची म्हैस व्याली, पारडी झाली म्हणते.