बाभळीची तुळई

अव्वा, शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरामागं नवी खोली बांधायला काढली, ते वर्ष सध्या सारखं आठवतंय. रंगूनचा साग तेव्हा रेल्वेनं सोलापुरात येऊ लागला होता आणि गल्लीत जो तो तोच घालत होता. आप्पा दुकानातून येऊन म्हणाले, "सरळ असतोय, कीड लागत न्हाय. आपण पण तोच घालू." तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणालीस, "माझ्या माहेरी चार पिढ्या बाभळीखाली निजल्या. परक्या मुलखाचं लाकूड डोक्यावर कशाला?" आप्पा हसले आणि तुझंच ऐकलं. मामांनी अक्कलकोटकडून बैलगाडीत घालून बाभळीची तुळई आणली. कीड लागू नये म्हणून कापलेली बाभूळ आधी वर्षभर पाण्यात बुडवून ठेवायची रीत. पण त्या साली ओढा कोरडा होता आणि तुला घाई होती. तुळई तशीच चढली, वर मातीचं जड माळवद आलं, आणि माझ्या धाकट्या भावाचा पाळणा तिलाच टांगला.

दिवाळीनंतर वरून भुकटी पडायला लागली, पिवळी, पिठासारखी. आप्पा उठायच्या आत तू ती झाडून काढायचीस. "अव्वा, हे काय पडतंय?" मी विचारलं. "काय न्हाय. गप की!" इतकी दचकून तू कधी बोलली नव्हतीस. मग "हितं वारं लागत न्हाय" असं सांगून तू पाळणा पुढच्या खोलीत नेलास. आजीचं अंथरूणही तिकडं नेलंस, तिच्या सोबतीला मला धाडलंस. खोली रिकामी दिसली तर आप्पा विचारतील, म्हणून तू मात्र तिथंच निजायचीस. सकाळी डोळे उघडले की मी आधी कान द्यायची, तुझ्या बांगड्या वाजतात का. वाजल्या की मगच अंथरूण सोडायची.

एका दुपारी आप्पा छत्री घ्यायला त्या खोलीत आले. छत्रीचं टोक सहज तुळईला लागलं आणि आत रुतलं. भुकटी त्यांच्या टोपीवर भुरभुरली. "कधीपासून?" तू पदर तोंडाला लावून उभी. "आणि तू हितंच निजत होतीस?" मला वाटलं, आता ओरडतील. ते मटकन खाली बसले. म्हणाले, "अगं, लाकूड चुकलं तर बदलता येतंय की."

आठवड्याच्या आत साग आला. सुतारानं जुनी तुळई फोडली, तर बाहेरची दोन बोटं नुसतं पीठ, आतला गाभा लालसर, लोखंडासारखा घट्ट. ती पडलीच नसती. तू त्या गाभ्यावर हात फिरवत राहिलीस, आणि मग सगळ्यांदेखत रडलीस.

तू जाऊन इतकी वर्षं झाली, हे लिहून कुठं धाडणार मी? दोन महिने झाले, जिना चढताना माझ्या छातीत कळ येते. पोरांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेन म्हणते. काल पण असंच म्हटलं होतं.