फेअर वही

६ जानेवारी २०२५, सोमवार
आजपासून दोन वह्या. लंडनमध्ये पिनरला राहणाऱ्या मैत्रिणीचा, नीनाचा सल्ला. तिच्या मुलाचं, समरचं, ऑटिझमचं निदान झालं तेव्हापासून ती या विषयातली बॅरिस्टर झाली आहे. म्हणाली, देविका, जे घडेल ते तारीख-वेळ टाकून लिहून ठेव, असेसमेंटला तेच मागतात. म्हणून ही रफ. हिच्यात जसं घडलं तसं. दुसरी फेअर, डॉक्टरांना द्यायची. सुवाच्य, समास सोडून, इंग्रजीत. शाळेत मी हेच करायचे आणि दहावीला बोर्डात आले.

माझी मुलगी आश्लेषा, वय सात वर्षं दोन महिने. साडेतीनला शाळेतून आली आणि दारातल्या कोटांच्या मागे जाऊन उभी राहिली. पाच दहापर्यंत. बोलणं नाही. डोकं भिंतीवर, हळूहळू, दर दोन सेकंदांनी एकदा. मी अत्यंत शांत राहिले. एकदाच ओरडले. दोनदा.

फेअर: शाळेतून आल्यावर थोडी दमलेली असते.

९ जानेवारी, गुरुवार
शाळेत मीटिंग. वेगळ्या गरजांच्या मुलांचं बघणाऱ्या मिसेस हॅलोरन. म्हणाल्या, आश्लेषा म्हणजे डिलाइट आहे, वर्गात चिमणीएवढाही आवाज नाही. घरी काय होतं ते मी सांगितलं. त्यांनी मान कलती करून विचारलं, आणि तुम्ही स्वतः कशा आहात?

मुद्दा असा की निदानाचा रिपोर्ट आला तर मदतनीस मिळेल, शांत खोली मिळेल, जेवण वेगळं घेता येईल. रिपोर्ट नाही तर काही नाही. सप्टेंबरमध्ये ती इयर थ्रीला, मोठ्या इमारतीत जाणार. तीनशे मुलं, एकच डायनिंग हॉल. तेव्हा सप्टेंबरच्या आत रिपोर्ट. असेसमेंटच्या रांगेत आम्ही बावीस महिने उभे आहोत. म्हणजे बरेचसे पुढे असणार.

आतापर्यंतची निदानं: १) कानात पाणी. नळ्या घातल्या. आता ती स्पष्ट ऐकू येऊन उत्तर देत नाही. २) व्हिटॅमिन डी. ३) पहिलटकर आईची काळजी. यावर सहा आठवड्यांचा पालक-वर्ग केला. सर्टिफिकेट मिळालं. मार्क किती विचारल्यावर त्या बाई हसल्या.

१९ जानेवारी, रविवार
कुठेतरी वाचलं की दोन भाषांमुळे मुलांचा गोंधळ होतो. निर्णय: आजपासून घरात फक्त इंग्रजी. सुयश म्हणाला, मी भांडायचं कशात? मी म्हटलं, भांडायचंच नाही, हाही एक फायदा.

संध्याकाळी साताऱ्याहून आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, व्हिडिओ कॉल. मी गुड ईव्हनिंग, हाऊ आर यू म्हटलं. त्या घाबरून म्हणाल्या, अगं कोण गेलं?

२७ जानेवारी, सोमवार
निर्णय मागे. आश्लेषाने दोन्ही भाषांत बोलणं बंद केलं आहे.

आईंचं मत: सुयशसुद्धा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि आता बघ. मी बघितलं. तो अकरा वर्षं डब्यात तेच सँडविच नेतो आणि डिशवॉशर मी भरला की पुन्हा पहिल्यापासून भरतो. हा पुरावा नेमका कोणाच्या बाजूने जातो ते कळलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मोजे. सव्वासात ते आठ पंचावन्न. शिवण बोटांवर आली की ती किंचाळते. सात जोड झाले. आठवा उलटा घातला तर चालला. दारात पोचलो आणि तिने तो काढून दारातल्या पत्रांच्या फटीतून बाहेर टाकला. मग ती दगडासारखी झाली. उचलायला गेले तर माझ्या दंडाला चावली. मग स्वतःच्या.

ऑफिसात साडेदहाला पोचले. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग मॅनेजर आहे. ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात माझं नाव आहे की देविकाच्या हातून एक बग सुटत नाही. सापडला की तीन ओळींत लिहायचा, लाजायचं नाही, असं मी नव्या मुलांना शिकवते. आज लांब बाह्या.

फेअर: कपड्यांबाबत ठाम आवडीनिवडी.

४ मार्च, मंगळवार
असेसमेंटवाल्यांचा फॉर्म आला, एक आईचा, एक वडिलांचा. एकशे वीस प्रश्न. प्रत्येकापुढे तीन चौकोन: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. नीनाचा फोन: हे बघ, सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांपुढे ठेवून भर, इथे अब्रू वाचवत बसू नकोस. मी म्हटलं, वेडी आहेस का, खरं तेच लिहिणार.

प्रश्न अकरा, स्वतःला इजा करते का. 'नेहमी' म्हटलं की फार कायमचं वाटतं. शिवाय हे कागद कुठे कुठे जातात कोण जाणे. कधीकधी.
प्रश्न बारा, कधीकधी.
प्रश्न तेरा ते एकशे वीस, एकूण विचार करून, कधीकधी.

सुयशच्या फॉर्मवर सगळीकडे कधीच नाही. विचारलं तर म्हणाला, मीपण असाच होतो. मी खोडरबर आणला. सकाळी पोस्टात टाकणार. अगदी प्रामाणिक फॉर्म झाला आहे. सगळ्यात वाईट दिवसच घेतला, त्यातला बरा भाग.

३ एप्रिल, गुरुवार
शाळेचं पत्र. हजेरी एकाहत्तर टक्के, कृपया महत्त्व समजून घ्या. आज ती जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनरला मिठी मारून बसली होती. मी बाहेर जमिनीवर. दोघींनीही महत्त्व समजून घेतलं.

संकल्प: ओरडणार नाही. गूगल बंद. सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये रडणार नाही, तिथे ओळखीचे भेटतात.

१३ मे, मंगळवार, दुपारी २
फोन आला!! कुणाची तरी अपॉइंटमेंट रद्द झाली, दहा जूनला या म्हणाले. दोन वर्षं दोन महिने आणि आता चार आठवडे. पार्किंगमध्ये गेले (ऑफिसच्या, त्यामुळे संकल्प शाबूत).

वेळापत्रक केलं. हिरवी रेघ, लाल रेघ. ही तयारी नाही. तिला परक्या खोलीत भीती वाटू नये म्हणून नुसती ओळख. घाबरली तर डॉक्टरांना खरी आश्लेषा दिसणारच कशी.

१८ मे, रविवार
ओळख, दिवस पाचवा. कार्डं केली. तुझा वीकेंड कसा गेला, असं विचारलं की एक वाक्य आपण सांगायचं, मग विचारायचं, आणि तुमचा? डोळ्यांकडे बघणं तिला जमत नाही. डोळे हलतात म्हणाली. मी युक्ती काढली: मनात तीन आकडे मोजेपर्यंत बघायचं, दोन मोजेपर्यंत खाली. तीन वर, दोन खाली. दहा मिनिटांत आलं. स्मरणशक्ती माझी.

मग विचारलं तिने, चुकलं तर काय होतं? काही होत नाही म्हटलं. पुन्हा करायचं.

सुयश दारात उभा होता. म्हणाला, पण देविका, ती हे करत नाही हेच तर दाखवायचं आहे ना? मी म्हटलं, म्हणून काय पाहुण्यांसमोर मुलीला तशीच उभी करायची? तो डिशवॉशर भरायला गेला.

१० जून, मंगळवार, संध्याकाळी ६
झालं. उत्तम गेलं.

डॉ. प्रिचर्ड, गोड बाई, पायांत कॅनव्हासचे बूट. आश्लेषाला निळा फ्रॉक, दोन वेण्या. (वेण्यांना पन्नास मिनिटं. तपशील नको.) मला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि मध्ये बोलू नका म्हणाल्या.

त्यांनी खेळणी मांडली, चित्रं दाखवली, गप्पा मारल्या. वीकेंड विचारलाच! आश्लेषाने एक वाक्य सांगितलं आणि म्हणाली, अँड हाऊ वॉज युअर्स? बाईंचा चेहरा फुलला. त्यांनी बागेतल्या कामाचं सांगितलं. तिने बरोब्बर मान हलवली. मला वाटलं उठून टाळ्या वाजवाव्यात.

टेबलाखाली तिची बोटं गुडघ्यावर चालू होती. तीन, दोन. तीन, दोन. तासभर. डॉक्टर समोर होत्या, त्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

शेवटी त्यांनी मला विचारलं, ही नेहमी अशीच असते का? इतकी छान संवाद साधते? मी तोंड उघडलं. आश्लेषा माझ्याकडे बघत होती. तिला बघायचं होतं की बरोबर आलं का. मी हो म्हटलं. समोरच्याने आपल्या मुलीचं कौतुक केल्यावर नाही कोण म्हणतं.

फेअर वही दिली. काय सुंदर अक्षर, म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर आश्लेषाला उलटी झाली. निळ्या फ्रॉकवर. ऊन फार होतं.

१६ जून, सोमवार
सुधारणा! आज जेवताना तिने आपणहून सुयशकडे बघितलं आणि विचारलं, हाऊ वॉज युअर डे? तो इतका गहिवरला की त्याने खरंच सांगितलं, सर्व्हर वगैरे सगळं. ती ऐकत होती. मग मला विचारलं. मग पुन्हा त्याला.

कधीकधी वाटतं, निदानाच्या मागे लागून आपणच काहीतरी मोठं करून ठेवलं. वय वाढतं तसं सुटत असेल.

२५ जून, बुधवार
नऊ दिवस रोज जेवताना नजर, रोज प्रश्न. गुड नाइटलासुद्धा. आईंना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी तिकडून दृष्ट काढली.

डावी भुवई विरळ दिसते आहे. हे-फीव्हरच्या ॲलर्जीमुळे चोळत असणार. जेवणात फक्त भात, मीठ नको, तूप नको. शाळेतून आली की सहालाच झोपते, बूट न काढता. या वर्षी परागकण फार आहेत, बातम्यांत सांगत होते.

३ जुलै, गुरुवार
डावी भुवई नाही. उजवी अर्धी.
उशीखाली केस सापडले. नीट ओळीत लावलेले.

फेअर वही डॉक्टरांकडेच आहे. असती तर काय लिहिलं असतं याचा विचार करत बसले. वाक्य सुचलं नाही.

१२ जुलै, शनिवार, सकाळी ११
पत्र आलं. चार पानं. निकष पूर्ण होत नाहीत. संभाषण दोन्ही बाजूंनी सहज. नजर योग्य वेळी, योग्य तेवढी. "आईने अत्यंत काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदींवरूनही घरी लक्षणीय अडचण दिसत नाही." पुढे माझी वाक्यं, अवतरणचिन्हांत. थोडी दमलेली असते. ठाम आवडीनिवडी. सहा वाक्यं घेतली आहेत.

केस बंद. पुन्हा यायचं तर जीपीपासून, म्हणजे फॅमिली डॉक्टरपासून, सुरुवात. त्यांच्या ऑफिसचा मेसेज लावून ऐकला: सध्याची रांग एकतीस महिने. सप्टेंबरला सात आठवडे.

सुयशने चारही पानं वाचली आणि विचारलं, मग आता आपण खूश व्हायचं का? चेष्टा नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं. आई म्हणाल्या, मी म्हणतच होते, पोर सोन्यासारखी आहे, पेढे वाटते. वाटा म्हटलं.

नीनाला फोन केला. तिने विचारलं, देविका, तू तिची तयारी तर नाही ना करून घेतलीस? मी म्हटलं, ओळख.

त्याच दिवशी, दुपारी साडेचारनंतर
आश्लेषा स्वयंपाकघरात आली. लेटरमध्ये काय आहे विचारलं. तू खूप छान केलंस असं लिहिलंय, म्हटलं.

मी पास?

हो.

मग म्हणाली, म्हणजे टेस्ट संपली? मला वाटलं अजून चालू आहे, कारण तू सांगितलं नव्हतं की संपली. मी विचारलं, कुठे चालू आहे? म्हणाली, सगळीकडे. डिनरला. गाडीत. बाबाची पण आणि तुझी पण. मग भुवई होती तिथे बोट ठेवून विचारलं, मग आता तुझ्याकडे नाही बघितलं तर चालेल?

दहा जूनला एक महिना आणि दोन दिवस झाले.

चालेल म्हटलं.

ती वळली आणि फरशीवर माझ्याकडे पाठ करून बसली. मग बोलायला लागली. डायनिंग हॉलमध्ये खुर्च्या सरकतात तेव्हा दात दुखतात. दिव्याला आवाज असतो, तो बाकीच्यांना येत नाही, तिने विचारून बघितलं. मटारांचा वास कार्डिगनमध्ये राहतो. बेल वाजायच्या आधी माहीत असतं की वाजणार, ते बेलपेक्षा वाईट. नीट ऐकल्यासारखं दिसायला इतकं लक्ष लागतं की ऐकायचं राहून जातं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, थांबत नव्हती. इतकं ती सात वर्षांत माझ्याशी बोललेली नाही.

चार चाळीस ते पाच वीस. यातलं एक एक वाक्य डॉक्टरांना हवं होतं. अर्ध्यात लक्षात आलं की लिहून घेतलं पाहिजे. पेन समोरच्या ड्रॉवरमध्ये होतं. तिथे जायचं तर तिच्या समोरून जावं लागलं असतं. मी उठले नाही.